४ जीबीची प्रत्येक रॅम सारखी नसते

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत हिशेब सांभाळणारे किंवा पंचवटीतल्या एखाद्या घरात अजून टिकून असलेले जुने डेस्कटॉप मंदावले, की पहिला सल्ला ‘रॅम वाढवा’ हाच मिळतो. सल्ला बहुधा योग्य असतो. मात्र विकत आणलेली स्टिक स्लॉटमध्ये नीट बसूनही पडद्यावर काही उमटत नाही आणि नुसते बीप ऐकू येतात, तेव्हा दोष रॅमचा की मदरबोर्डचा, हा वाद सुरू होतो. अनेकदा दोन्ही ठणठणीत असतात; फक्त त्यांचे एकमेकांशी जुळत नसते.

रॅमच्या पिढीची, म्हणजे डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४ याची, चूक सहसा होत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी असते, शिवाय पहिलीला १.८ आणि दुसरीला १.५ व्होल्ट लागतात. डीडीआर४ला तर २८८ पिना असतात. त्यामुळे चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसतच नाही, आणि बसत नसेल तर जोर लावू नये.

खरी गोम पिढी जुळल्यानंतर सुरू होते. रॅमच्या चिपमधल्या सूक्ष्म पेशी ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या असतात, आणि मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी व्यवहार सांभाळणारा भाग, हवी ती पेशी गाठण्यासाठी त्याच तारांवरून आधी ओळीचा, मग स्तंभाचा क्रमांक पाठवतो. डीडीआर३ची नेहमीची २ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) चिप १५ बिटांच्या ओळक्रमांकावर चालते, तर ४ गिगाबिटच्या चिपला १६ बिट लागतात. इंटेलच्या जी४१ या चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) काळातील कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपसाठी बनलेला असल्याने त्याला हा सोळावा बिट ठाऊकच नसतो. म्हणून २ गिगाबिटच्या १६ चिप असलेली ४ जीबीची स्टिक त्या मदरबोर्डवर चालू शकते, पण ४ गिगाबिटच्या ८ चिप असलेली, तेवढ्याच क्षमतेची, नवी आणि बहुधा स्वस्त स्टिक लावली तर निम्मीच रॅम दिसते किंवा मशीन सुरूच होत नाही.

मात्र नुसत्या चिप मोजूनही भागत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ (इंटेलच्या स्पर्धक प्रोसेसर कंपनीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या ४ जीबीच्या काही स्टिकवरही १६ चिप असतात. पण त्यातली प्रत्येक चिप एका वेळी ८ ऐवजी ४ बिट देते, आणि इंटेलच्या साध्या डेस्कटॉपचे कंट्रोलर ही रचना स्वीकारत नाहीत. हा फरक स्टिकच्या लेबलवर छापलेला असतो. ‘२आर×८’ म्हणजे ८ बिटांच्या चिपचे दोन गट, तर ‘१आर×४’ म्हणजे ४ बिटांच्या चिपचा एकच गट. जी४१ असेल तर एम. जी. रोडवरच्या दुकानात नुसते ‘४ जीबी डीडीआर३’ न मागता ‘२आर×८’ मागावे. दुकानदार त्रासला तरी चालेल.

त्याच लेबलवर ‘पीसी३-१२८००’ असा मजकूर असतो. सेकंदाला १६०० मेगाट्रान्सफर (म्हणजे १६० कोटी वेळा डेटा पाठवणे) गुणिले दर वेळी ८ बाइट, म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट. वेगाची चिंता फारशी करू नये, कारण वेगवान स्टिक साधारणपणे मदरबोर्डला झेपेल त्या वेगावर उतरते. या आकड्यालगतचे अक्षर मात्र जरूर पाहावे: ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची. सर्व्हरमधून काढलेली रॅम सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते, डीडीआर३च्या स्लॉटमध्ये बसतेही, पण घरगुती मदरबोर्डवर चालत नाही.

खरेदीआधी विंडोज ३२ बिटची आहे का, हेही पाहावे. ३२ बिटांत बाइटचे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांकडे जातो.

स्टिक बसवताना वीजजोडणी काढून टाकावी. नाशिकच्या थंडीतल्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, आणि तेवढी स्थिर वीज चिप निकामी करायला पुरते. त्यामुळे आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि स्टिक कडेने धरावी. मशीन सुरू झाले तरी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवावा, आणि एकही चूक दिसली तर परत करण्याची मुदत संपण्याआधी स्टिक बदलून आणावी.