अरल समुद्राचे वाढते खारेपण

नागपुरात दोन महिने बोअरच्या पाण्यावर चाललेला कूलर उघडला, की टाकीच्या कडांना आणि वाळ्याच्या ताट्यांना नखाने सहज न निघणारा पांढरा थर चिकटलेला दिसतो. ताट्यांवरून वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. क्षार मागेच राहतात, आणि आपण रोज नव्या पाण्याबरोबर नवे क्षारही ओतत असतो.

ज्या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, त्याचे नेमके हेच होते. मध्य आशियाच्या वाळवंटातला अरल समुद्र हा नावापुरता समुद्र, प्रत्यक्षात तो सरोवरच. १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेल्या या पाण्यात लिटरमागे जेमतेम १० ग्रॅम क्षार होते. महासागरात ते ३५ ग्रॅम असतात. अमूदर्या आणि सीरदर्या या नद्या जेवढे पाणी आणत, जवळपास तेवढेच उन्हाने उडून जाई, म्हणून पातळी टिकून होती.

पुढे सोव्हिएत राजवटीने कापसासाठी हे पाणी कालव्यांत वळवले. विदर्भातला कापूस बहुतांशी पावसावर येतो. तिथे मात्र वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडत असल्याने प्रत्येक बोंडाची तहान नदीवरच भागवावी लागली, त्यातही मातीच्या कालव्यांतून कितीतरी पाणी वाटेतच मुरले. सरोवर आटत गेले तसे आधी चुनखडीसारखे क्षार तळाशी बसले (कूलरमधला थर प्रामुख्याने हाच), मग जिप्सम, आणि सहज न बसणारे मीठ उरलेल्या पाण्यात दाटत राहिले. दक्षिण भागात त्याचे प्रमाण लिटरमागे १०० ग्रॅमच्याही वर गेले. १९८० नंतरच्या काही वर्षांतच मासेमारी बंद पडली, आणि उघड्या तळावरची खारी, कीटकनाशके मिसळलेली धूळ वाऱ्याबरोबर गावांवर येऊ लागली. पिकाची निवड चुकली की तिची किंमत शेताबाहेरच्यांनाही मोजावी लागते, याचे मला याहून वेदनादायक उदाहरण माहीत नाही.

२००५ मध्ये कझाकस्तानात कोक-अरल बंधारा पूर्ण झाला. त्याने सीरदर्याचे पाणी उत्तर भागात अडवले, पातळी वाढली, खारेपण उतरले आणि गोड्या पाण्यातले मासे परतले. बंधाऱ्याला दरवाजे आहेत, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट: जादा पाणी त्यांतून दक्षिणेकडे सुटते आणि जाताना क्षारही घेऊन जाते, कूलरची टाकी मधूनमधून रिकामी करावी तसेच. दक्षिणेकडून पुढे मात्र वाट नाही. तिथला पूर्वेकडचा भाग २०१४ मध्ये पूर्ण कोरडा पडला.