आपल्या जगण्याचा पुरावा आपणच लिहायचा: आफ्रिकन-अमेरिकन आत्मकथनांची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांच्या आत्मचरित्रांत आणि कुलकथांत गावे, तारखा, मालकांची नावे इतक्या काटेकोरपणे का येतात, हे समजण्यासाठी गुलामगिरीच्या काळापर्यंत मागे जावे लागते. गुलाम ही कायद्याने मालकाची मालमत्ता होती. साउथ कॅरोलायनाने गुलामांना लिहायला शिकवण्यावर १७४० मध्येच बंदी घातली आणि पुढे दक्षिणेतील इतर काही राज्यांनीही असेच कायदे केले. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, वय, लिंग आणि वर्ण एवढीच झाली. त्यांची स्वतःची नावे बहुतेक ठिकाणी लिहिलीच गेली नाहीत. ज्यांना सरकारी कागदांनी नावही दिले नाही, त्यांना आपण होतो हे आधी सिद्ध करावे लागले, आणि या साहित्याची घडण त्या गरजेतून झाली, असे मला वाटते.

पश्चिम आफ्रिकेतून बालवयात बॉस्टनला विकल्या गेलेल्या फिलिस व्हीटलीचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनला छापला गेला, तेव्हा या कविता तिच्याच आहेत अशी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरसह बॉस्टनच्या प्रतिष्ठितांची ग्वाही पुस्तकाला जोडावी लागली. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनालाही गुलामगिरीविरोधी चळवळीचे गोरे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना होती. मात्र ते स्वतः डग्लस यांनीच लिहिले असल्याचे शीर्षकपृष्ठावर ठळकपणे सांगितले होते. मेरीलँडमधून १८३८ मध्ये पळालेल्या डग्लस यांनी मालकांची खरी नावे छापली आणि त्यामुळे पुन्हा पकडले जाण्याचा धोका पत्करला. त्यांना ब्रिटन-आयर्लंडला जावे लागले आणि १८४६ मध्ये तिथल्या स्नेह्यांनी पैसे भरून त्यांची कायदेशीर सुटका केली. पळून जाण्याची युक्ती मात्र त्यांनी त्या पुस्तकात सांगितली नाही, कारण मागे राहिलेल्यांची वाट बंद झाली असती. तिचा तपशील त्यांनी १८८१ च्या आत्मचरित्रात दिला. हे राखलेले मौन मला त्या पुस्तकातील कोणत्याही प्रसंगाइतकेच मोलाचे वाटते.

हॅरिएट जेकब्स यांच्या वाट्याला याहून कठीण परीक्षा आली. मालकाच्या लैंगिक छळापासून वाचण्यासाठी त्या नॉर्थ कॅरोलायनात आजीच्या घराच्या छपराखालील अरुंद पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. १८६१ मध्ये त्यांनी टोपणनावाने आत्मकथन प्रसिद्ध केले. पण नावे बदललेली असल्यामुळे अनेक अभ्यासक दीर्घकाळ ते कल्पित किंवा पुस्तकाच्या गोऱ्या संपादिकेचेच लेखन मानत राहिले. अभ्यासिका जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार व कागदपत्रे शोधून सिद्ध केलेली आवृत्ती १९८७ मध्ये आली, तेव्हा लेखिकेला तिचे पुस्तक परत मिळाले.

१८६५ मध्ये गुलामगिरी संविधानाने संपली. गुलामगिरीविरुद्धच्या या लढ्याची दखल महाराष्ट्रातही घेतली गेली. जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले.

१९३६ ते १९३८ या काळात बेरोजगार लेखकांना काम देणाऱ्या सरकारी लेखक प्रकल्पाने सतरा राज्यांत पूर्वीच्या गुलामांच्या २,३०० हून अधिक मुलाखती नोंदवल्या. मुलाखत घेणारे बहुतांशी गोरे होते आणि वंशभेदाचे कायदे अमलात होते, त्यामुळे वृद्ध माणसे किती मोकळेपणाने बोलली असतील याचा विचार करूनच त्या वाचाव्या लागतात. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी वेगळी वाट धरली. ‘क्लोटिल्डा’ या जहाजातून १८६० मध्ये बेकायदा आणलेल्या कजो लुईस यांच्याशी त्या १९२७ पासून बोलल्या आणि त्यांची कहाणी त्यांच्याच बोलीत लिहिली. बोली बदलण्याची प्रकाशकाची सूचना त्यांनी मानली नाही; ते पुस्तक २०१८ मध्ये, हर्स्टन यांच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी निघाले.

अॅलेक्स हेली यांच्या १९७६ च्या ‘रूट्स’ या कुलकथेतील वंशावळीवर इतिहासकारांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले, तरी त्या पुस्तकामुळे असंख्य कुटुंबे आपले पूर्वज शोधू लागली. हा शोध बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी अडतो, कारण पूर्वीच्या गुलामांची नावे सरसकट नोंदवणारी ती पहिली जनगणना होती. त्यापलीकडे टोनी मॉरिसन यांनी कादंबरीचा आधार घेतला. केंटकीतून पळालेल्या मार्गारेट गार्नर या स्त्रीने १८५६ मध्ये पकडले जाताना, पुन्हा गुलामगिरीत जाऊ नये म्हणून आपल्या लहान मुलीला मारले होते. त्या घटनेच्या जुन्या वृत्तापासून मॉरिसन यांनी १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ लिहिली आणि वर्तमानपत्रांनी जे विचारलेच नव्हते, ते त्या आईचे मन त्यांनी कल्पनेने उभे केले.