पायथॉनची स्टँडर्ड लायब्ररी: १९ मॉड्यूल्स का गेली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१३ ही आवृत्ती आली आणि स्टँडर्ड लायब्ररीतली, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातली १९ मॉड्यूल्स (कोडचे स्वतंत्र भाग) एकदम बाहेर गेली. टेलनेटलिब, सीजीआय, एनएनटीपीलिब, क्रिप्ट, ऑडिओऑप ही त्यांतली काही. जुन्या राउटरशी टेलनेटवर (दूरच्या यंत्राला आज्ञा देण्याच्या जुन्या पद्धतीने) बोलणाऱ्या स्क्रिप्ट ज्यांनी वर्षानुवर्षं जपल्या, त्यांना हा घाव अचानक बसल्यासारखा वाटला असेल. पण त्यामागे तीस वर्षांचा इतिहास आहे.

ग्विडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत पायथॉन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ०.९.० ही आवृत्ती यूजनेट या तेव्हाच्या चर्चा-जाळ्यावर आली. तेव्हा इतरांची पॅकेजं उतरवून घेणारं पिप नव्हतं, ती जिथे ठेवली जातात ते पायपीआय हे ऑनलाइन भांडार नव्हतं. हवं ते भाषेसोबतच मिळालं तर मिळालं. त्यामुळे ज्याला जे लागलं ते मॉड्यूल लायब्ररीत येत गेलं आणि ‘बॅटरीज इन्क्लुडेड’ (लागणारं सगळं सोबतच) हे पायथॉनचं ब्रीद झालं. सन कंपनीच्या यंत्रांवरच्या ध्वनिफाइली वाचणारं सनएयू हे मॉड्यूलही असंच आलेलं.

मॉड्यूल आलं की ते कसं वापरायचं हे सांगणारा दस्तऐवज तयार होतो, आणि माझ्या मते खरी जबाबदारी तिथून सुरू होते. कोडमध्ये काय आहे ते बदलता येतं. दस्तऐवजात लिहिलेलं मात्र लोक वचन म्हणून धरतात. सुरुवातीला पायथॉनचा दस्तऐवज लाटेक या क्लिष्ट मांडणी-भाषेत होता. त्यात दुरुस्ती करायची तर लाटेक यायला हवं, म्हणून मदतीचे हात कमी पडत. पायथॉनचे विकासक गेऑर्ग ब्रांडल यांनी २००७ मध्ये तो सगळा री-स्ट्रक्चर्डटेक्स्ट या सोप्या लेखन-पद्धतीत आणला आणि त्यातून पानं तयार करायला स्फिंक्स हे साधन घडवलं. पुढे लिनक्स कर्नलचा दस्तऐवजही स्फिंक्सवर आला. एखादं फंक्शन कुठल्या आवृत्तीत आलं, कधी बदललं, कधीपासून वापरू नये, हे आज पायथॉनच्या पानापानावर दिसतं. अशा पानांतच एक ओळ अशी आहे की मजकुरातून संख्या घेताना इंग्रजी 0 ते 9 यांच्या जोडीला युनिकोडमधले (जगभरच्या लिप्यांच्या सामायिक संकेतातले) इतर लिप्यांचे अंकही चालतात. म्हणूनच मजकुराची पूर्णांक संख्या करणाऱ्या इंट फंक्शनला ‘१९८९’ ही देवनागरी स्ट्रिंग (अक्षरमाला) दिली तर ते विनातक्रार संख्या परत देतं. लिहून ठेवलेलं असल्यामुळे त्यावर विसंबता येतं.

दरम्यान पायपीआयवरची पॅकेजं लायब्ररीच्या पुढे निघून गेली. वेबवरून माहिती आणणारं रिक्वेस्ट्स हे लोकप्रिय पॅकेज स्टँडर्ड लायब्ररीत घ्यावं का, याची चर्चा २०१५ मध्ये झाली. बाहेर राहिलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या लगेच पोचवता येतात, म्हणून ते बाहेरच राहिलं. त्याच कामासाठी लायब्ररीत असलेल्या यूआरएललिबचं अधिकृत पान आता वाचकाला स्वतःच रिक्वेस्ट्सकडे पाठवतं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

उरलेल्या जुन्या मॉड्यूल्सपैकी अनेकांना वाली नव्हता. त्यांतल्या चुका निस्तरण्यात स्वयंसेवकांचा वेळ जात होता. २०१९ मध्ये पायथॉनचे विकासक क्रिस्टियन हाइम्स यांनी ती काढून टाकण्याचा पेप ५९४ हा प्रस्ताव मांडला (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव), नंतर दुसरे विकासक ब्रेट कॅनन त्यात सामील झाले. २०२२ मध्ये तो मंजूर झाला, ३.११ पासून इशारे दिसू लागले आणि दोन आवृत्त्यांनी मॉड्यूल्स गेली. यादी डोळे मिटून केलेली नव्हती. ध्वनिफाइली हाताळणारं वेव्ह हे मॉड्यूल वगळण्यातून वाचलं, कारण त्यातून लहान मुलांना संगणकाकडून आवाज काढायला शिकवता येतं, असं प्रस्तावातच नोंदवलं आहे.

टेलनेटलिबचं पान अजूनही उघडतं. मॉड्यूल ३.११ मध्ये कालबाह्य ठरलं, ३.१३ मध्ये काढलं आणि शेवटचं ३.१२ मध्ये मिळत होतं, एवढं त्यावर लिहिलेलं आहे.