लेन्स फिल्टर

लेन्सच्या पुढच्या आट्यांवर फिरवून बसवलेली, चौकटीत सरकवलेली किंवा दूरचे जवळ आणणाऱ्या मोठ्या टेलीफोटो लेन्सच्या मागच्या खाचेत घातलेली काचेची अथवा रेझिनची चकती म्हणजे फिल्टर. आत येणारा प्रकाश तो कमी करतो, निवडून घेतो किंवा पसरवतो. संरक्षक फिल्टरचे काम मात्र उलटे आहे: काच वाचवायची आणि प्रकाशाला अजिबात हात लावायचा नाही. महाग लेन्सवर हेच सर्वांत अवघड जाते.

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ ८ टक्के. चांगल्या बहुस्तरी लेपाने हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या खाली येते. खरी अडचण प्रकाश घटण्याची नाही, तो भलतीकडे जाण्याची आहे. डिजिटल सेन्सर चकचकीत असतो. त्यावरून उलटलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आदळून पुन्हा सेन्सरवर येतो. मरीन ड्राइव्हचे दिवे रात्री टिपले तर चित्राच्या मध्यबिंदूपलीकडे, नेमक्या विरुद्ध जागी, त्या दिव्यांची उलटी फिकट प्रतिमा दिसते ती यामुळेच. अशा वेळी फिल्टर काढून ठेवणे हाच उपाय.

फिल्मच्या काळात यूव्ही आणि किंचित गुलाबी स्कायलाइट फिल्टरना प्रकाशशास्त्रीय आधार होता, कारण फिल्मवर अतिनील किरणांचा परिणाम होई आणि डोंगरातली दूरची दृश्ये निळसर धूसर येत. आताच्या सेन्सरपुढे हे किरण अडवणारा थर आधीच असतो. म्हणून आज यूव्हीच्या नावाने विकला जातो तो बहुतेक वेळा संरक्षक काचेचाच प्रकार.

हे संरक्षण कशापासून, हा वादाचा विषय. समुद्राचे खारे तुषार, वाळू, ताडोब्याच्या कच्च्या रस्त्यावरची धूळ, रंगपंचमी यांपुढे फिल्टर निःसंशय उपयोगी; पुन्हापुन्हा पुसायची ती काच स्वस्तातली असलेली बरी. कॅननच्या उच्च दर्जाच्या ‘एल’ मालिकेतील काही लेन्सना तर पाणी-धुळीपासूनचे संरक्षण पूर्ण होण्यासाठी पुढे फिल्टर लावावाच लागतो, असे कंपनीच सांगते. आपटण्याची गोष्ट वेगळी. लेन्सची पुढची काच जाड असते, फिल्टरची पातळ. ती लवकर फुटते आणि तिचेच तुकडे मागच्या लेपावर चरे पाडू शकतात. धक्का सोसायला लेन्सच्या तोंडाभोवती बसवायचा हूड जास्त कामाचा. शिवाय पुढच्या काचेवरचा एखादा बारीक चरा चित्रात सहसा दिसतही नाही, कारण तो फोकसपासून फार दूर असतो. विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत.

लेन्सचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ) वाढते तसे काचेच्या सपाटपणातले दोष ठळक होतात. म्हणूनच लांब झूमवर स्वस्त फिल्टर लावला की पक्ष्याची पिसे मऊ दिसू लागतात आणि दोष लेन्सच्या माथी येतो. ६०० मिमी एफ/४ सारख्या लेन्सचे तोंड इतके रुंद असते की पुढे फिल्टर लावणे व्यवहार्यच नसते. तिथे मागे सरकवायचा छोटा फिल्टर वापरतात. ही काच लेन्सच्या रचनेत हिशेबात धरलेली असेल, तर रंगीत फिल्टर काढल्यावर खाच रिकामी न ठेवता साधी पारदर्शक काच परत बसवावी लागते. फुगीर तोंडाच्या अतिरुंद लेन्सना पुढे आटेच नसतात. त्यांच्यासाठी १५० मिमीच्या चौकटी किंवा मागे जिलेटिनचे कापलेले तुकडे.

सर्जनशील वापराचा उगम कृष्णधवल छायाचित्रणात आहे. फिल्मआधीच्या काचेच्या प्लेट्सना सुरुवातीला निळ्याखेरीज फारसे काही दिसत नसे. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेलने रंगद्रव्ये मिसळून त्यांची संवेदनशीलता वाढवता येते हे दाखवले आणि पिवळ्या-लाल फिल्टरना अर्थ आला. इंग्लंडमधील फ्रेडरिक रॅटनच्या कंपनीचे फिल्टर नावाजले गेले. १९१२ मध्ये कोडॅकने ती कंपनी विकत घेतली. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेतील योसेमिटी उद्यानात छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्सने हाफ डोम या शिखराचा कडा आधी पिवळ्या फिल्टरमधून घेतला. त्यात आकाश पुरेसे गडद येणार नाही असे वाटून शेवटची प्लेट त्याने गडद लाल, २९ क्रमांकाच्या रॅटन फिल्टरमधून घेतली. आकाश जवळजवळ काळे आले.

रंगीत फिल्टरचे बहुतेक काम आता संगणकावर होते. पोलरायझर या फिरवता येणाऱ्या फिल्टरचे होत नाही. पाणी, काच, ओले पान यांवरून तिरपा उलटलेला प्रकाश ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. पाण्यावर लंबापासून सुमारे ५३ अंशांवर सर्वाधिक. फिल्टर फिरवून ती चकाकी कापली की खालचा रंग उघडा पडतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीची हिरवाई टिपायला दुसरे काहीही न घेता हा एक घ्यावा. त्यासाठी दीड-दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). आकाशावर परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक होतो, त्यामुळे अतिरुंद लेन्सवर निळ्याचा मधेच गडद पट्टा उमटतो.

एनडी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश घटवणारा करडा फिल्टर, वेळ विकत घेतो. १० स्टॉपच्या फिल्टरने १/६० सेकंदाचे एक्स्पोजर सुमारे १७ सेकंदांवर जाते. लाटांचे धुके होते. गडद एनडीतून अवरक्त किरण निसटले तर चित्रावर तांबूस छटा येते. दोन पोलरायझर जोडून केलेला बदलता एनडी व्हिडिओवाल्यांच्या सोयीचा, पण टोकाला नेला की चित्रभर फुलीसारखी काळी छाया पडते.

प्रकाश पसरवणारे मिस्ट फिल्टर डिजिटलच्या करकरीत रेषांना उतारा म्हणून पुन्हा रूढ झाले आहेत. दिव्याभोवतीचे वलय सेन्सरवर पोचण्याआधीच तयार होते, म्हणून ते नंतर केलेल्या नकलेपेक्षा जास्त पटते. सूर्यग्रहणासाठी मात्र प्रकाश एक लाख पटीने घटवणारा खास सौर फिल्टरच हवा, आणि तो लेन्सच्या पुढे. साध्या एनडीतून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने सूर्य पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.