कॉस्टिक सोड्याने सायकलचा रंग निघतो, पण कुठल्या सायकलचा?

"फ्रेम रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेव, सगळा रंग सुटतो" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि ते खोटं नाहीये, अर्धवट आहे. जुन्या काळ्या लोखंडी सायकलींना चालायचं कारण सोडा स्टीलला काही करत नाही. पण आताच्या गिअरवाल्या सायकली बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या, आणि ॲल्युमिनियमला सोडा अक्षरशः खातो. मी हँडलचा एक भंगार तुकडा टाकून बघितला, आधी बारीक बुडबुडे, मग नुसतं फसफसायला लागलं, पाणी तापलं, तुकडा काळा पडला. तो निघणारा गॅस हायड्रोजन, पेट घेतो, म्हणजे बंद बाथरूममध्ये तर नकोच.

म्हणून आधी चुंबक लावून बघा. नाही चिकटलं तर सोडा विसरा, ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेला पेंट रिमूव्हर घ्या, हातमोजे-चष्मा घालून. कार्बन फ्रेमला तोही नको, कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिनच मऊ पडतं, तिथे हाताने पॉलिश पेपर आणि भरपूर पेशन्स.

स्टिकरवर नख फिरवा. कड लागली तर हेअर ड्रायरने गरम करून सोलता येतो, नाही लागली तर तो बहुतेक क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली आहे, मग ड्रायर कितीही फिरवा, रंगाबरोबरच निघणार.