दडलेला संदर्भ मेंदूला कसा सापडतो

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरातून मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभा असलेला प्रत्येक जण एकच गोष्ट पाहत नसतो. काळी मारबत लहान मुलाला केवळ अक्राळविक्राळ राक्षसीण वाटते; भोसल्यांच्या राज्याचा इतिहास ऐकलेल्या माणसाला मात्र तिच्यात इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका असलेली बाकाबाई दिसते, कारण तिच्या निषेधासाठीच ही मारबत सुरू झाली असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मागून येणाऱ्या बडग्यांचेही तसेच असते. ज्याने वर्षभर वर्तमानपत्र वाचले आहे त्याला बडग्याचा रोख कोणावर आहे हे क्षणात कळते, इतरांना तो नुसता बाहुला वाटतो. पुतळा सर्वांसाठी तोच असला, तरी त्याचा अर्थ पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय साठले आहे यावर ठरतो.

व्हिडिओ गेममध्ये दडवलेले इतिहासाचे, सिनेमांचे आणि जुन्या गेमचे संदर्भ शोधणारे खेळाडू नेमके हेच करत असतात. या शोधाला पुष्कळदा तीक्ष्ण नजरेचे काम मानले जाते. माझ्या मते ते मुख्यतः स्मृतीचे काम आहे, आणि म्हणूनच मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे.

गेममध्ये दडवलेल्या अशा गोष्टींना ‘ईस्टर एग’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते ‘ॲडव्हेंचर’ या अटारी कंपनीच्या गेममुळे. हा गेम १९८० मध्ये बाजारात आला. त्या काळी अटारी आपल्या प्रोग्रॅमरांची नावे गेमवर छापत नसे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने हा गेम एकट्याने लिहिला होता आणि त्याच्या कार्ट्रिजमध्ये अवघ्या ४,०९६ बाइट इतकी जागा होती. एवढ्या अडचणीतही त्याने एक गुप्त दालन बसवले आणि त्यात स्वतःचे नाव झळकवले. तिथे पोहोचण्याची किल्ली म्हणजे एकाच पिक्सेलचा राखाडी बिंदू होता, आणि त्याचा रंग पार्श्वभूमीच्या राखाडी रंगात मिसळून जाई. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहातून तो बिंदू उचलायचा आणि आणखी काही वस्तूंसह एका ठराविक दालनात आणायचा, की तिथली भिंत लुकलुकू लागे आणि तिच्यातून पलीकडे जाता येई.

यातली खुबी त्या लुकलुकण्यात आहे. अटारीच्या यंत्राला पडद्यावर एका वेळी मोजक्याच हलत्या वस्तू दाखवता येत. त्याहून अधिक जमल्या की यंत्र त्या आळीपाळीने दाखवी आणि चित्र थरथरू लागे. खेळाडूंना ही थरथर रोजचीच होती. भिंत लुकलुकते आहे हे दिसले, तरी तो संकेत आहे असे मानण्याचे कारण त्यांना नव्हते, कारण ज्याला मेंदूने एकदा निरर्थक गोंगाट ठरवले त्याकडे तो पुन्हा वळून पाहत नाही. अखेर अमेरिकेतल्या युटा राज्यातील १५ वर्षांच्या एका मुलाने हे दालन शोधून कंपनीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. ते दालन काढून टाकण्याऐवजी ठेवावे, इतर गेममध्येही अशी गुपिते ठेवावीत, असे अटारीतील स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने सुचवले आणि त्यांना ईस्टरच्या सणात मुलांसाठी लपवल्या जाणाऱ्या अंड्यांचे नाव दिले.

दिसणे आणि ओळखणे यांत किती अंतर असते याचा सर्वांत बोलका पुरावा गेमच्या क्षेत्राबाहेरचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टांना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसांतल्या गाठी शोधायला सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचे छोटे चित्र घातले होते, ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांना ते दिसले नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्राने दाखवले, की या २० पैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. डोळ्यांनी आपले काम केले होते. पण मन गाठीचा नमुना घेऊन बसले होते आणि त्या नमुन्यात न बसणारे सारे गळून गेले. शत्रूच्या गोळ्या चुकवत पळणाऱ्या खेळाडूला भिंतीवरचे पोस्टर दिसत नाही ते याच कारणाने. गेम एकदा संपवून दुसऱ्यांदा निवांत फिरणाऱ्याला तेच पोस्टर चटकन सापडते, कारण आता त्याचे अवधान जीव वाचवण्यात अडकलेले नसते.

अवधान मोकळे झाल्यावर काम सुरू होते ते ओळखीच्या स्मृतीचे. आठवणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि ओळखण्याची आपली क्षमता अफाट आहे. मानसशास्त्रज्ञ लायनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १०,००० चित्रे प्रत्येकी काही सेकंद दाखवण्यात आली आणि नंतर जोड्या मांडून ‘यातले कोणते पाहिले होते?’ असे विचारण्यात आले. सुमारे ८३ टक्के उत्तरे बरोबर आली. याच लोकांना ती चित्रे आठवून लिहायला सांगितली असती, तर त्यांचा फारच थोडा भाग कागदावर उतरला असता. लहानपणी एकदाच पाहिलेल्या सिनेमातले जाकीट गेममधल्या एखाद्या पात्राच्या अंगावर दिसताच आपण थबकतो, याचे मूळ इथे आहे. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला एखाद्या तुकड्यावरून संपूर्ण आठवण उभी करता येते. जाकिटाची शिवण पुरेशी होते, मग त्यामागून नट, प्रसंग आणि संवाद ओळीने येतात.

इथे जाणकार आणि नवखा यांच्यातला फरकही स्पष्ट होतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्येच बुद्धिबळाच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू तो नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवत असे. पण सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या, की त्याची ही सरशी जवळजवळ नाहीशी होई. त्याची स्मरणशक्ती मुळात अलौकिक नव्हती, तर त्याच्याकडे अर्थपूर्ण रचनांचा मोठा साठा होता आणि पटावरचे दृश्य तो त्या साठ्याशी जुळवत होता.

संदर्भ जुळला की जो लख्ख आनंद होतो त्यालाही मेंदूत खूण सापडली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मार्क युंग-बीमन, जॉन कुनिओस आणि त्यांचे सहकारी यांनी लोकांना तीन शब्द देऊन तिघांशीही जुळणारा चौथा शब्द शोधायला लावले. उत्तर अचानक सुचले असे ज्या वेळी लोकांनी सांगितले, त्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या बाजूच्या टेम्पोरल खंडाच्या पुढील भागात गॅमा तरंगांचा, म्हणजे वेगवान विद्युत लहरींचा, उसळता आवेग नोंदला गेला. दूरदूरच्या अर्थांची सांगड घालण्याशी हा भाग संबंधित मानला जातो. हा प्रयोग शब्दांवरचा असला, तरी एका गेममधली वस्तू आणि दुसऱ्याच काळातली घटना यांची गाठ पडण्याचा अनुभव त्याच जातीचा आहे, असे मला वाटते.

ऐतिहासिक संदर्भांच्या बाबतीत हा साठा कुठल्या मातीत जमला हे फार महत्त्वाचे ठरते. २०१७ मध्ये आलेल्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या गेमची कथा पश्चिम घाटात घडते आणि शोध असतो गणपतीच्या सुळ्याचा. परशुरामाला कैलासाच्या दारात गणपतीने अडवले, परशुरामाने शंकराने दिलेला परशू फेकला, आणि वडिलांच्या शस्त्राचा मान राखण्यासाठी गणपतीने तो आपल्या दातावर घेतला, ही कथा परदेशी खेळाडूंना पात्रांच्या तोंडून ऐकावी लागते. नागपुरातल्या एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत हाच गेम खेळणाऱ्या मुलाला ‘एकदंत’ हे नाव घरच्या आरत्यांपासून ठाऊक असते. भिंतीवर कोरलेला परशू दिसताच तो पुढच्या कोड्याचा अंदाज बांधू शकतो. जो संदर्भ एकाला कोडे वाटतो तो दुसऱ्याला घरचाच असतो, आणि अशा वेळी मराठी खेळाडूने इंग्रजी मार्गदर्शिकांवर विसंबून राहू नये. तिथे न नोंदलेले पुष्कळ काही त्याला दिसू शकते.

निर्मातेही खेळाडूंच्या या साठ्याचा हिशेब ठेवतात. २०१४ च्या ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातले पॅरिस उभे केले आहे आणि त्यात नोत्र दाम चर्चवर उंच मनोरा आहे. तो मनोरा खरे तर व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने १९व्या शतकात, १८५९ पर्यंत, पूर्ण केला होता. २०१९ च्या आगीत कोसळला तो हाच. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने तो गेममध्ये असायला नको होता, पण जगाच्या मनातले नोत्र दाम त्याच मनोऱ्याचे होते.

आता या शोधातली खरी अडचण. जो मेंदू खरा संदर्भ ओळखतो, तोच नसलेला संदर्भही तितक्याच खात्रीने रचतो, आणि दोन्ही वेळा होणारा आनंद सारखाच असतो. संख्यांचे उदाहरण घेऊ. एखाद्या दाराचा कोड ०७१२ निघाला, तर नागपूरकराला आपल्या शहराचा एसटीडी कोड आठवणारच. १९५६ दिसले तर दीक्षाभूमी, १८१७ दिसले तर सीताबर्डीची लढाई. समजा, एका खेळाडूच्या मनात अशा अर्थपूर्ण ५० चार अंकी संख्या आहेत आणि गेममधली दारे, तिजोऱ्या व गाड्यांच्या पाट्या मिळून २०० चार अंकी संख्या वाटेल तशा टाकलेल्या आहेत. चार अंकी संख्या १०,००० असू शकतात, म्हणजे प्रत्येक संख्येची त्याच्या यादीशी जुळण्याची शक्यता २०० त १ आहे. २०० संख्यांमध्ये सरासरी एक जुळणी निव्वळ योगायोगाने होणारच. म्हणून एकटी जुळणी काहीच सिद्ध करत नाही.

याउलट ०४५१ पाहा. १९९४ च्या ‘सिस्टीम शॉक’मध्ये पहिल्या दाराचा कोड ४५१ होता. पुढे २००० च्या ‘डेस एक्स’मध्ये आणि २००७ च्या ‘बायोशॉक’मध्ये सुरुवातीलाच ०४५१ आला. दोन गेमनी योगायोगाने नेमका हाच ठराविक चार अंकी कोड निवडण्याची शक्यता १० कोटींत १ एवढी अल्प आहे, आणि या गेमच्या निर्मात्यांचे धागेही एकमेकांशी जुळलेले होते. हा संदर्भ हेतुपुरस्सर आहे हे निश्चित म्हणता येते. मात्र तो कशाचा आहे, यावर बहुतेक खेळाडू रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीकडे बोट दाखवतात, तर ‘सिस्टीम शॉक’ बनवणाऱ्या स्टुडिओत काम केलेल्यांनी तो त्यांच्या कार्यालयाच्या दाराचा कोड होता असे सांगितले आहे. संदर्भ आहे हे ओळखणे आणि तो कशाचा आहे हे ठरवणे, या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

देशोदेशीच्या नेत्यांशी सामना करत राज्य उभारायच्या ‘सिव्हिलायझेशन’ गेममधल्या गांधींची दंतकथाही अशीच तपासून पाहावी लागते. मूळ १९९१ च्या गेममध्ये गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही स्वीकारल्यावर त्यातून २ वजा झाले, आठ बिटांच्या संख्येला ० ते २५५ एवढेच मोजता येत असल्याने उणे १ ऐवजी २५५ झाले आणि गांधी अणुबॉम्ब टाकू लागले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. संगणकशास्त्राच्या दृष्टीने अशी चूक पूर्णपणे शक्य आहे, त्यामुळेच ती सर्वांना पटली. परंतु गेमचे निर्माते सिड मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात असा दोष गेममध्ये नव्हताच असे स्पष्ट लिहिले. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडील कल मुद्दाम १० च्या मर्यादेपलीकडे, १२ वर ठेवला होता. स्पष्टीकरण सुबक आहे, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही. त्यासाठी मूळ प्रोग्रॅमच उघडून पाहावा लागतो.

सुदैवाने गेमच्या बाबतीत तसे पाहता येते. २०१६ च्या ‘डूम’चे संगीत मिक गॉर्डन यांचे आहे. त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंप्रता आणि रंगाने तीव्रता मांडली, तर त्यात पंचकोनी तारे आणि ६६६ ही संख्या उमटलेली दिसते. कुठलाही ध्वनी अनेक साध्या तरंगांच्या बेरजेत उलगडता येतो, या फूरिएच्या गणितावर हे उभे आहे. तेच उलट चालवून चित्रातल्या प्रत्येक बिंदूला त्या क्षणीचा त्या कंप्रतेचा सूर दिला, की चित्राचा आवाज होतो. कानाला ती नुसती खरखर वाटते.

प्रोग्रॅमच्या आत शिरण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण २०१७ चे आहे. अटारीच्या १९७७ मधल्या ‘स्टारशिप १’ या नाणे टाकून खेळायच्या गेममध्ये आपण काहीतरी लपवले होते, असे त्याचे प्रोग्रॅमर रॉन मिलनर यांना पुसटसे आठवत होते, पण ते कसे उघडायचे हे विसरले होते. जुना प्रोग्रॅम वाचून बटणांचा योग्य क्रम शोधण्यात आला आणि ४० वर्षांनी पडद्यावर ‘हाय रॉन!’ अशी अक्षरे आली, सोबत दहा डाव फुकट. त्यामुळे ‘ॲडव्हेंचर’कडे असलेला पहिलेपणाचा मान मागे सरकला. लोकप्रिय संस्कृतीच्या संदर्भांपुरते बोलायचे, तर शोध आणखी मागे, १९७३ च्या ‘मूनलँडर’पर्यंत जातो: त्यात चंद्राच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी मॅकडोनल्डचे दुकान आहे, आणि यान त्याच्या शेजारी अलगद उतरवले तर अंतराळवीर खाली उतरून खाणे घेऊन येतो.