मीठ लावलेली काकडी आणि एक ग्लास उसाचा रस

मे महिन्यात नात्यातल्या एका मुंजीला गेलो होतो. भर दुपार, हॉलचे पंखे नुसतेच फिरत होते आणि दारात रसवंतीची गाडी उभी होती. माझी मामेबहीण, जिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. 'अगं, एवढ्याशा रसाने काय होतंय' म्हणत कुणीतरी तिच्या हातात ग्लास दिला आणि तिने तो उभ्या उभ्या संपवला. पंधरा-वीस मिनिटांत ती घामाने चिंब झाली. छातीत धडधड, पोटात कळ, आणि आडवं झाल्याशिवाय चैन पडेना.

मग आतल्या खोलीत निदानं सुरू झाली. ऊन लागलं, पित्त झालं, साखर उतरली. एक काकू चार चमचे साखर घातलेलं लिंबू सरबत घेऊन धावल्या. दुसऱ्या काकूंचं म्हणणं, 'एवढी बारीक झालीये, दृष्ट लागणारच', आणि त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. गंमत म्हणजे त्या सगळ्या गर्दीत उत्तर होतं ते या दुसऱ्या काकूंच्याच मुठीत. फक्त ते मीठ ताईवरून उतरवायचं नव्हतं. काकडीच्या कोशिंबिरीत घालून दहा मिनिटं बघत बसायचं होतं.

या ऑपरेशनबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की पोट शिवून लहान करतात, त्यात अन्न कमी मावतं, म्हणून वजन उतरतं. समजूत चुकीची नाही, पण अर्धीच आहे. ताईचं झालं ते बायपास, हृदयाचं नव्हे, जठराचं. त्यात जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी वेगळी करतात. उरलेलं जठर काढत नाहीत, ते आतच राहतं, पण त्याच्याकडे अन्न जात नाही. लहान आतडं थोडं पुढे कापून त्याचं खालचं टोक वर आणतात आणि थेट या पिशवीला जोडतात. वरच्या बाजूचा तुकडा, ज्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो, तो खाली सुमारे मीटर-दीड मीटरवर पुन्हा आतड्याला जोडतात. आकार होतो इंग्रजी वाय अक्षरासारखा. ही जोडणी सीझर रू या स्विस सर्जनच्या नावाने ओळखली जाते. वजनासाठी जठराचं बायपास प्रथम केलं ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी, १९६६ साली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण नंतर बारीकच राहतात, हे तिथल्या डॉक्टरांना दिसलं होतं. त्यातून ही कल्पना निघाली.

या नव्या रस्त्यावर एक गोष्ट लागतच नाही, ती म्हणजे पायलोरस, जठराच्या तळाची झडप. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच द्वारपाल. माझ्या मते ऑपरेशननंतरचं खाणंपिणं समजून घ्यायचं तर पिशवीच्या आकाराआधी या द्वारपालाचा विचार करायला हवा.

आपलं जठर म्हणजे पाटा-वरवंटा आणि रेशनचं दुकान एकत्र. आधी ते अन्न घुसळून एक-दोन मिलिमीटरच्या कणांपर्यंत बारीक करतं. मग पायलोरस ते मोजून खाली सोडतो, दर मिनिटाला साधारण दोन-तीन कॅलरी. पाचशे कॅलरीचं जेवण उतरायला म्हणूनच तीन तास सहज लागतात. आतड्यात गेलेलं अन्न फार दाट किंवा फार गोड वाटलं, की आतड्याच्या सुरुवातीचे संवेदक वर निरोप धाडतात आणि झडप आणखी आवळते. ताईच्या पोटात आता हा दुकानदार रस्त्यावरच नाही. रस प्यायला की तो जवळजवळ एकदमच आतड्यात पोचतो.

आता काकडी. तिला मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण पेशीच्या पडद्याबाहेर विरघळलेले कण जास्त झाले की पाणी तिकडे जातं. शाळेत याला परासरण म्हणायचे. आवळ्याला साखर लावून ठेवली की पाक सुटतो तो याच कारणाने. पिशवीला जोडलेला लहान आतड्याचा भाग पाण्याच्या बाबतीत चांगलाच गळका असतो. त्यात रक्तापेक्षा गोड काही आलं, की रक्तातलं पाणी आतड्यात झिरपतं, आणि दोन्हीकडचा दाटपणा सारखा होईपर्यंत झिरपत राहतं.

किती झिरपतं? हा हिशेब मला फार आवडतो, त्यामुळे तो करणारच. दोनशे मिलिलिटर उसाच्या रसात २५ ते ३० ग्रॅम साखर असते. आपण २५ धरू. साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, रेणूभार ३४२. पंचवीस भागिले ३४२ म्हणजे ०.०७३ मोल. आतड्याच्या भिंतीवर सुक्रेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते सुक्रोजच्या प्रत्येक रेणूचे दोन तुकडे करतं, एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. परासरणाला रेणू केवढा याच्याशी देणंघेणं नसतं, ते फक्त डोकी मोजतं. तेव्हा ०.०७३ चे झाले ०.१४६. रक्तद्रवात असे कण लिटरमागे साधारण ०.२९ मोल असतात. म्हणजे तेवढी साखर रक्ताइतकी पातळ करायला अर्धा लिटर पाणी हवं. रसात स्वतःचं पाणी पावणेदोनशे मिलिलिटर. बाकीचं सव्वातीनशे मिलिलिटर कुठून येणार? रक्तातून.

(मोल पाहून ज्यांनी परिच्छेद सोडला त्यांच्यासाठी: रक्तदान शिबिरात साधारण ३५० मिलिलिटरची पिशवी भरतात. जवळपास तेवढं पाणी, शरीराबाहेर न जाता, नुसतं आतड्यात सरकलं.)

हा कमाल हिशेब आहे हे कबूल करतो. पाणी आत येत असताना साखर दुसरीकडून शोषलीही जात असते, त्यामुळे खरा आकडा कमी येतो. पण मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो सुमारे तीन लिटर. त्यातला थोडा हिस्सा जरी काही मिनिटांत हलला, तरी हृदयाला धावपळ करावी लागते, घाम फुटतो, चक्कर येते. फुगलेल्या आतड्यात कळा येतात. आडवं पडलं की मेंदूपर्यंत रक्त पोचवणं सोपं होतं, म्हणून तेवढंच बरं वाटतं. याला म्हणतात डंपिंग. रेतीचा डंपर मागचा फळा उघडून एकदम माल ओततो, तेच इथे होतं. वैद्यकात हा शब्द १९२२ पासून आहे, वजनाची ऑपरेशनं सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून, कारण अल्सरच्या ऑपरेशननंतरही हेच व्हायचं. नुसत्या परासरणाने मात्र सगळं भागत नाही. ऑक्ट्रिओटाइड नावाचं औषध आतड्यातली संप्रेरकं दाबतं आणि त्याने ही लक्षणं कमी होतात. म्हणजे एकदम ताणलेलं आतडं जी संप्रेरकं सोडतं, त्यांचाही यात हात आहे.

आणि लिंबू सरबत? चार चमचे साखर म्हणजे आणखी वीस ग्रॅम. आगीत तेल. नशीब, ताईनेच हाताने ग्लास मागे सारला.

मग भाताचं काय, तोही शेवटी साखरच ना? इथे मला रू साहेबांची जोडणी खरी आवडते. पंचवीस ग्रॅम स्टार्च आणि पंचवीस ग्रॅम साखर वजनाला सारखी, पण स्टार्चचा एकेक रेणू म्हणजे हजारो ग्लुकोजची माळ. डोकी मोजली तर नगण्य. ही माळ तोडणारा मुख्य अमायलेज येतो स्वादुपिंडातून, आणि तो तर खाली वायच्या सांध्यावर भेटतो. वरच्या मीटरभर आतड्यात भात बहुतांशी माळेच्या रूपातच सरकतो, थोडं तोडकाम लाळेने केलं असेल तेवढंच. सुक्रेज मात्र आतड्याच्या भिंतीवरच असतं, त्यामुळे साखर आल्या आल्या फुटते. दोन घास मऊ भात ताईला चालतो आणि दोन घोट रस चालत नाही, तो यासाठी.

त्या खोलीतलं 'साखर उतरली' हे निदानसुद्धा अगदीच टाकाऊ नव्हतं. ते फक्त घाईने केलेलं होतं. डंपिंगचा दुसरा अंक असतो तो खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी. आतड्यात एकदम ओतलेलं ग्लुकोज झपाट्याने रक्तात शिरतं. त्याच वेळी खालच्या आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी सोडतात, त्याने इन्शुलिन उसळतं, आणि ते गरजेपेक्षा जास्त काम करून जातं. मग हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा मात्र साखर खरोखरच उतरलेली असते आणि थोडं ग्लुकोज लागतं. घड्याळ बघितल्याशिवाय दोन्हींतला फरक कळायचा नाही.

हेच जीएलपी-१ एरवी फायद्याचं. भूक लवकर भागते, मधुमेह आटोक्यात येतो. वजन फारसं उतरायच्या आधीच, ऑपरेशननंतर काही दिवसांत, अनेकांची रक्तशर्करा खाली येते. अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली यावर लिहिलेल्या निबंधाच्या नावातच 'कुणाला वाटलं असतं?' असा प्रश्न होता. शिवाय घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक, जे १९९९ साली जपानमध्ये सापडलं, ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. त्यात पायलोरस शाबूत राहतो, पण हा घुमट जातो, आणि त्याच्याबरोबर भूकही बरीचशी जाते. नुसत्या डाएटने वजन उतरवलं तर घ्रेलिन उलट वाढतं. वजन कमी करण्यासाठी सध्या गाजणारी सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शनं जीएलपी-१ चीच नक्कल करतात. 'नैसर्गिक जीएलपी-१' म्हणून पुड्या विकणाऱ्यांना एवढंच विचारावं: शरीरातलं खरं जीएलपी-१ रक्तात एक-दोन मिनिटांत निकामी होतं, तर तुमच्या पुडीतल्या चूर्णाने त्याचं नेमकं काय होतं?

एकदा द्वारपाल गेला हे लक्षात आलं की आहारतज्ज्ञांचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट घ्यायचं, कारण पाणी अन्नाला वाहून नेतं. ताईला सगळ्यात जड गेलं ते हेच. पानाशेजारी तांब्या-भांडं नसेल तर आपल्याकडे पान वाढलंसं वाटतच नाही. घास लहान आणि चावणं भरपूर, कारण पाटा-वरवंट्याचं काम आता दातांकडे आलं. नुसत्या पोळीचा किंवा फडफडीत भाताचा घास घाईने गिळला तर तो छातीपाशी अडकतो, आणि मग ओकारी होईपर्यंत सुटका नाही.

पंगतीचा क्रमही उलटा होतो. आपण वरणभातापासून सुरू करतो, तिला आधी प्रथिनं. दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. पातळ वरणाच्या वाटीत असतात पाच-सहा ग्रॅम, आणि तिला एका वेळी जाते अर्धी वाटी. शाकाहारी घरात हे गणित फार अवघड बसतं. पनीर, दही, घट्ट उसळ, मुगाचं धिरडं आणि तरीही वर प्रथिनांची पावडर. ताईने अंडं सुरू केलं. मामी अजून त्या भांड्याला हात लावत नाही. उपासाचे दिवस तर ताईने सोडूनच दिले. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात आणि पोटातली जागा मात्र तो व्यापतो.

गोळ्या आयुष्यभराच्या. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषलं जातं, तोच भाग आता रस्त्यावर नाही. बी-१२ अन्नातून सुटायला आम्ल लागतं आणि शोषायला जठरातून येणारा एक साथीदार पदार्थ लागतो, दोन्ही कमी झालेले. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षांचा असल्याने कमतरता उशिरा उघडी पडते, आणि 'मला तर काहीच होत नाही' म्हणून गोळ्या सोडलेला माणूस दोन-तीन वर्षांनी पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरकडे जातो. कॅल्शियमही कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं, त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. बीटाच्या रसाने लोह भरून निघत नाही. बीटाचा लाल रंग लोहाचा नाही, बीटालेन या रंगद्रव्याचा आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, बहुतेकांचे परत येतात. घाबरायचं ते सततच्या उलट्यांना. बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो, आणि तो संपला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा मीठमोहऱ्या नाहीत, थेट दवाखाना.

परवा गणपतीत ताईकडे गेलो होतो. तिने आधी वाटीच्या तळाशी असलेली मटकीची उसळ संपवली, चमचा होता लहान मुलांचा. मग एक उकडीचा मोदक घेतला, कळ्या उकलल्या, गुळाचं सारण सगळं बाजूला काढलं आणि तांदळाची पारी तेवढी तूप लावून सावकाश खाल्ली. मी कौतुकाने बघत होतो, स्टार्चची माळ माझ्या डोळ्यांपुढे सरकत होती. मामी ते सारण उचलून माझ्या पानात टाकत म्हणाली, "म्हणजे मी पहाटे उठून नारळ खोवला तो तुझ्यासाठी का?"